जुना फेरफार, सूची दोन आणि नक्कल विभाग: जमिनीचा कागद नेमका कसा मागावा

जमिनीचा व्यवहार असो, वाटणी असो किंवा भावकीतला जुना वाद असो, आजकाल बहुतेक जण आधी मोबाईलवर सातबारा काढतात, त्यावर आपले नाव दिसले की निश्चिंत होतात आणि नाव दिसले नाही की थेट वकिलांकडे जातात. माझे म्हणणे असे आहे की या दोन्हींच्या मध्ये करण्यासारखे पुष्कळ काम असते, ते सामान्य माणसाला स्वतः करता येते आणि त्यासाठी ओळखीपाळखीपेक्षा हवा असलेला कागद त्याच्या खऱ्या नावाने व खऱ्या क्रमांकाने मागता येणे अधिक उपयोगाचे ठरते.

आमच्या कुटुंबाची जमीन सातारा जिल्ह्यात आहे, बहुतेक मंडळी पुण्या-मुंबईत आणि काही परदेशात आहेत, त्यामुळे कागदांची फाईल सांभाळण्याचे काम कधीतरी माझ्याकडे आले आणि मग माझ्याकडेच राहिले. आता नात्यातले आणि शेजारचे लोकही विचारायला येतात. त्यांना मी आधी एवढेच सांगतो की नक्कल मागणे म्हणजे कोणाची मेहेरबानी मागणे नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे आणि भूमी अभिलेख कार्यालयीन वेळेत, ठरलेली फी घेऊन आणि नियमांच्या अधीन राहून, लोकांना पाहण्यासाठी खुले ठेवायचे असतात आणि अर्ज करणाऱ्याला त्यांची प्रमाणित प्रत द्यायची असते. नोंदवलेल्या दस्तांसाठी तशीच तरतूद नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ मध्ये आहे. न्यायालयाच्या कागदांचे नियम थोडे निराळे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो. खरी अडचण अशी की एकाच जमिनीचे जुने कागद तहसील कार्यालय, भूमी अभिलेख कार्यालय, दुय्यम निबंधक कार्यालय आणि न्यायालय असे विखुरलेले असतात, आणि एका ठिकाणच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या ठिकाणी काय आहे हे ठाऊक असण्याचे कारण नसते. ते जोडून पाहण्याचे काम आपलेच असते.

सुरुवात अर्थातच सातबाऱ्यापासून होते. महाभूलेखच्या संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. कामकाजासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपये भरून काढावा, त्यावर पडताळणी क्रमांक असतो आणि तो परदेशात बसलेल्या माणसालाही काढता येतो. त्यासोबत आठ-अ हवाच, कारण सातबारा एका गटाची माहिती देतो, तर आठ-अ एका खातेदाराच्या त्या गावातील सर्व जमिनी एकत्र दाखवतो, आणि कुटुंबाला माहीत नसलेला एखादा पोटखराब्याचा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमिनीचा, तुकडा तेथेच पहिल्यांदा दिसतो. मात्र हे दोन्ही उतारे आजची स्थिती सांगतात. ही स्थिती कशी आली ते कळण्यासाठी उताऱ्यावरचे फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचे क्रमांक, टिपून घ्यावे लागतात आणि त्यांच्या मागे मागे जावे लागते.

हस्तलिखित सातबारा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी तो एकदा तरी मागून घ्यावा. त्यात भोगवटादाराच्या नावाशेजारी गोल काढून त्यात एक आकडा लिहिलेला असतो, तो फेरफाराचा क्रमांक. एखाद्याचा हक्क संपला की त्याचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि खाली नवे नाव व नवा गोल येतो. त्यामुळे वाचण्याची सवय असलेल्या माणसाला एकाच रकान्यात दोन-तीन पिढ्या क्रमाने दिसतात, शाईचा रंग बदललेला दिसतो, अक्षर बदललेले दिसते, आणि कंस आहे पण शेजारी क्रमांकच नाही अशी जागाही दिसते. अशा जागी थांबून चौकशी करावी, कारण फेरफाराशिवाय कमी झालेले नाव हा पुढच्या भांडणाचा हमखास मुद्दा असतो.

फेरफार म्हणजे गाव नमुना सहा. त्यात नोंदीचा क्रमांक, हक्क कसा मिळाला याचा मजकूर, कोणत्या भूमापन क्रमांकांवर परिणाम झाला ते, आणि शेवटी नोंद प्रमाणित किंवा नामंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची सही असते. मजकुराची भाषा ठरावीक असते: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत झाले, त्यांना अमुक वारस आहेत, वर्दीवरून नोंद केली. पण ठरावीक म्हणून नजरेआड करण्याजोगी ती नसते. आमच्या एका गटाच्या जुन्या उताऱ्यावर आजोबांच्या थोरल्या भावाचे नाव होते आणि नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले होते, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, नाव मात्र कर्त्याचे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे त्यांच्या पश्चात वारस नोंद झाली तेव्हा ही अक्षरे गळाली आणि त्यांच्या मुलांची नावे स्वतंत्र मालक असल्यासारखी लागली. त्याच फेरफारात मुलांची नावे कब्जेदार सदरी (भोगवटादारांच्या रकान्यात) आणि मुलींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली होती, जे त्या काळात सर्रास होत असे. गळालेली ही अक्षरे आणि इतर हक्कात गेलेल्या बहिणी या दोन गोष्टींनी, निदान माझ्या पाहण्यातले, वाटणीचे निम्मे दावे जन्माला घातले आहेत. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती वारंवार सांगितली आहे: फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, ती नोंद मूलतः महसुलासाठी असते. म्हणून मजकुरात उल्लेख असलेला खरेदीखताचा, हक्कसोड पत्राचा किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा क्रमांक आणि तारीख टिपून ठेवावी, कारण पुढचा कागद त्या आकड्यावर मिळतो.

जुने फेरफार तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, सहसा नसतात. ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. काही जिल्ह्यांतले जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत, तेव्हा आधी तेथे पाहावे. नाही तर कोर्ट फी स्टँप लावून नकलेचा अर्ज करावा आणि त्यात गाव, तालुका, जुना सर्व्हे नंबर, गट नंबर, फेरफार क्रमांक आणि साधारण वर्ष एवढे लिहावे. ‘आमच्या जमिनीचे सर्व जुने कागद मिळावेत’ असा अर्ज मी अनेकांच्या हातात पाहिला आहे. त्यावर शोध घेणे कोणालाही शक्य नसते, आणि तो अर्ज धूळ खात पडला तर दोष एकट्या कारकुनाचा म्हणता येत नाही. ‘मौजे अमुक येथील फेरफार क्रमांक अमुक, तसेच सर्व्हे नंबर अमुकचा अमुक सालापासून अमुक सालापर्यंतचा सातबारा’ अशा अर्जाला मात्र नाही म्हणणे कठीण जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेणे हा शिरस्ता मोडू नये.

येथे बरेच जण सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांच्या घोळात अडकतात. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखाली गावोगावी वेगवेगळ्या वर्षी एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. जेथे ती झाली तेथे आजचा गट नंबर घेऊन योजनेच्या आधीचा सातबारा शोधणे व्यर्थ असते. कोकणात बऱ्याच गावांत आजही सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न तितका येत नाही. एकत्रीकरणाची जुळणी तालुक्याच्या उप अधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे असते, आणि तेथे मागायचे कागद म्हणजे एकत्रीकरण योजनेचा उतारा, ज्याला लोक ‘नऊ-तीन, नऊ-चार’ म्हणतात, आणि त्यावेळी घेतलेले जबाब. याच कार्यालयात आकारबंद, म्हणजे प्रत्येक क्रमांकाचे क्षेत्र आणि सारा यांची नोंद, तसेच गुणाकार बुक, टिपण, फाळणी आणि कमी-जास्त पत्रक हे मोजणीचे कागद मिळतात. क्षेत्राचा किंवा हद्दीचा वाद असेल तर सातबाऱ्यावर वेळ न घालवता आधी आकारबंद मागावा, कारण सातबाऱ्याचे क्षेत्र आकारबंदाशी जुळायला हवे आणि ते जुळत नसल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

प्रदेशाप्रमाणे जुन्या कागदांची नावे बदलतात हेही ध्यानात असावे. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक हा महत्त्वाचा दुवा आहे आणि त्याच्या मागचे निजामकाळातले कागद उर्दूत असतात. विदर्भात मालगुजारी गेल्यानंतरचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख पाहतात. पश्चिम महाराष्ट्रात कडईपत्रके आणि हक्क नोंदणीची जुनी पुस्तके मोडी लिपीत सापडतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वाण आहे ते सर्वांनाच कळले. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. तेथून शिकलेला एखादा जाणकार गाठून लिप्यंतर करून घ्यावे, फोटो समाजमाध्यमावर टाकून अंदाजपंचे अर्थ लावून घेऊ नये.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. नगर भूमापन झालेले असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावठाणांतही आता ती मिळते. तोवर हातात ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण तो कर आकारणीचा उतारा आहे आणि त्यावर मालकी सिद्ध होत नाही, हे घर विकत घेणाऱ्याने समजून असावे.

आता दस्तांकडे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की त्या वर्षी नोंदवलेल्या दस्तांची सूची दोन दिसते. ‘इंडेक्स टू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या एका पानावर दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचे वर्णन, लिहून देणारा, लिहून घेणारा, नोंदणीची तारीख आणि दस्त क्रमांक असतो. शोधाची खुबी मिळकत क्रमांकात आहे. एकच मिळकत कोणी सर्व्हे नंबरने, कोणी गट नंबरने, कोणी सिटी सर्व्हे नंबरने नोंदवलेली असते, म्हणून तिन्ही टाकून पाहावेत आणि एका शोधात काही दिसले नाही म्हणजे मिळकतीवर बोजा (कर्ज किंवा गहाण) नाही असे समजू नये. संगणकावरची माहिती मुंबईसाठी १९८५ पासूनची आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी साधारण २००२ पासूनची आहे. त्याआधीच्या वर्षांसाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात शोध फी भरून सूचीची पुस्तके चाळावी लागतात. पुण्यासारख्या ठिकाणी, जेथे हवेली तालुक्याची अनेक नोंदणी कार्यालये आहेत आणि एकाच मिळकतीचे दस्त वेगवेगळ्या कार्यालयांत नोंदवलेले असू शकतात, तेथे हे काम चिकाटीचे होते आणि ते अनुभवी शोधकाकडे दिलेले बरे. वकील तीस वर्षांचा शोध अहवाल देतात. त्यात ‘काही पाने फाटलेली आढळली’ हे वाक्य असेल तर कोणत्या वर्षांची पाने, हे जरूर विचारावे.

स्थावर मिळकतीचे दस्त नोंदणी कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक एकमध्ये असतात आणि त्यांची नक्कल कोणीही मागू शकतो, तो दस्तातला पक्षकार असण्याची गरज नाही. मृत्युपत्राचे तसे नाही: नोंदवलेले मृत्युपत्र पुस्तक क्रमांक तीनमध्ये जाते, ते करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते आणि त्याच्या मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते. पुस्तक क्रमांक चारमधल्या इतर दस्तांची नक्कल फक्त संबंधितांना देतात. काकांनी मृत्युपत्र केले होते का, या प्रश्नावर कुटुंबे वर्षानुवर्षे कुजबुजत राहतात, आणि ते नोंदवलेले असेल तर उत्तर दुय्यम निबंधकांकडे अर्ज करून मिळू शकते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘मृत्युपत्र नाही’ असा काढता येत नाही, एवढे भान ठेवावे.

न्यायालयाच्या बाबतीत पहिली पायरी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळाची. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हाती असेल तर काम लगेच होते. नसेल तर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोधावे लागते. नाव रोमन अक्षरांत टाकताना फार ताणून पूर्ण टाकू नये, कारण एकच गायकवाड तीन-चार प्रकारे लिहिलेला असतो, कोठे आडनाव आधी तर कोठे शेवटी असते, आणि बऱ्याच दाव्यांत पहिल्या वादी-प्रतिवादींच्या नावापुढे नुसते ‘व इतर’ असते. आडनावाचा न बदलणारा तुकडा टाकून प्रलंबित आणि निकाली असे दोन्ही प्रकार पाहावेत. तेथे मिळणारे आदेश वाचायला उपयोगी आहेत, पण त्यांवर सही-शिक्का नसतो, त्यामुळे दुसऱ्या न्यायालयात दाखल करायला त्या न्यायालयाच्या नक्कल विभागातून प्रमाणित प्रतच घ्यावी लागते. संगणकापूर्वीचे दावे तेथे सहसा नसतात. त्यांच्यासाठी दाव्याचा क्रमांक, वर्ष आणि निकालाची तारीख घेऊन रेकॉर्ड रूमकडे जावे लागते, आणि हा क्रमांक बहुधा आपल्याला त्याच जुन्या फेरफारात सापडतो.

नकलेच्या अर्जातही नेमकेपणा लागतो. रोजनामा (तारखांच्या कामकाजाची नोंद), दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), निशाणी पाचवरील (तात्पुरत्या मनाईचा) आदेश, तडजोड पुरसीस (तडजोडीचे लेखी निवेदन), निकालपत्र, हुकूमनामा (डिक्री) हे वेगवेगळे कागद आहेत आणि आपल्याला कोणता हवा ते लिहावे लागते. वाटणीच्या दाव्यात निकालपत्र मिळाले म्हणून थांबू नये, हुकूमनामाही घ्यावा. सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, त्यामुळे दरखास्तीचे (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे) कागद न्यायालयातून महसूल खात्याकडे जातात आणि कित्येकदा तेथेच वर्षानुवर्षे पडून राहतात. पक्षकाराला नक्कल फी भरून मिळते. तिऱ्हाइताला मात्र ती का हवी याचे कारण देणारा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र करून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती टाळण्यासाठी माहिती अधिकाराचा मार्ग चालत नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितले आहे की न्यायालयाच्या अभिलेखाच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात. नक्कल हातात आली की तिच्यावरचे शिक्के पाहावेत: अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ वगळला जातो आणि तो या तारखांवरून ठरतो.

ई-कोर्ट्सवर काही दिसले नाही म्हणून जमीन वादमुक्त आहे असे मानणे सर्वांत धोक्याचे. तहसीलदार, प्रांत, अपर जिल्हाधिकारी यांच्यापुढची महसुली अपिले दिवाणी न्यायालयाच्या यादीत येत नाहीत, त्यांचा शोध महसूल विभागाच्या वेगळ्या प्रणालीवर किंवा त्या त्या कार्यालयात घ्यावा लागतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ ला मुंबई प्रांतात १९३९ साली दुरुस्ती झाली आणि दाव्याची नोटीस नोंदवण्याची पद्धत आली. सूची दोनमध्ये ‘लिस पेंडन्स’, म्हणजे प्रलंबित दाव्याची नोटीस, असा दस्तप्रकार दिसला तर लगेच सावध व्हावे. पण नोटीस न नोंदवलेले दावेही असतात. म्हणून मी सातबाऱ्यावरचे इतर हक्क, सूची दोन, ई-कोर्ट्स आणि महसुली प्रकरणे हे चारही पाहिल्याशिवाय कोणाला होय म्हणत नाही, आणि गावात जाऊन शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याला विचारायला सांगतो, कारण कागदावर न आलेले भांडण त्याला ठाऊक असते.

राहिला प्रश्न ‘अभिलेख आढळून येत नाही’ या उत्तराचा. हे उत्तर तोंडी स्वीकारू नये. नकलेच्या अर्जावर लेखी शेरा घ्यावा, आणि तो मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचा अर्ज करून अभिलेख कधी, कोणाकडे सोपवला गेला आणि नष्ट केला असल्यास कोणत्या आदेशाने, असे प्रश्न विचारावेत. उत्तराची मुदत ३० दिवस असते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे अभिलेख सांभाळण्याची जबाबदारी कार्यालयावर आहे, त्यामुळे हे प्रश्न पोकळ नसतात. मूळ अभिलेख सापडत नसल्याचा असा लेखी दाखला असेल तर न्यायालयात दुय्यम पुरावा (मूळ कागदाऐवजी त्याची नक्कल वगैरे) देण्याची परवानगी मागता येते. आणि तोच कागद दुसरीकडे आहे का, हेही पाहावे. आमचा एक फेरफार तहसीलच्या पुस्तकातून गेलेला होता, पण भावकीतल्या एका जुन्या दाव्यात विरुद्ध बाजूने त्याची सही-शिक्क्याची नक्कल निशाणी म्हणून दाखल केलेली होती आणि ती आम्हाला न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममधून मिळाली. अशा फाईलचा अर्ज करताना दस्तऐवज यादीची प्रतही मागावी, कारण निकालानंतर पक्षकार आपले मूळ कागद परत नेऊ शकतात आणि उरलेल्या कागदांपैकी बरेच ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. यादी हाती असली म्हणजे निदान कोणता कागद कोणी दाखल केला होता आणि आता तो कोणाच्या घरी विचारायचा, हे कळते.